पंच्याऐंशीला मोटर उठते

बार्जी नदीत नांगरून पडल्या त्या वर्षी
कंपनीने हिशेब मिटवला.
त्यातून मी हा घेतला, पन्नास लिटरचा, निळा,
आणि आमोण्यात घरामागच्या छपरीत बसवला.

रुझार जुव्यांहून पाळणा घेऊन आला,
नातीसाठी, पांढरा हवा म्हणाला,
आणि बंदूक हातात घेऊन उभा.
थांब जरा.
घड्याळं दोन आहेत. हे टाकीचं, हे नळीचं.
टाकीत असेनात का एकशे पंधरा,
तेवढे सगळे सोडलेस तर रंग धुकं होऊन
फणसाच्या पानांवर बसेल.
नॉब वर ओढ, कुलूप सुटतं.
डावीकडे उतरव, हवा त्याहून खाली ने, मग चढत ये,
आणि घोडा दाबून धरून आकडा वाच.
अडून बसलेल्या हवेचा आकडा कुणीही सांगेल.

पस्तिसावर रंग सायीसारखा बसला.

पण दुपारचं वेगळंच.
गाव आडवं झालेलं, छपरीत कुणी नाही,
सुई आपली आपण खाली सरकते,
पंच्याऐंशीला मोटर उठते
आणि मोटरीबरोबर कुंदा.
मी स्विचचा स्क्रू सैल करून सत्तरवर आणला.
ती तीनऐवजी साडेतीनला दचकली, एवढंच.

सव्वीस वर्षं इंजिनरूममध्ये गेली.
ते डिझेल अजून कानात चालू आहे,
त्याच्या पलीकडचं बारीक काही पोचत नाही.
एकेक जोड मी डोळ्यांनी तपासला.

आज ती वाटीत साबणाचं पाणी घेऊन आली,
माझाच जुना दाढीचा ब्रश.
"तिथे नाही. त्याच्या खालच्या नटाला.
रात्रीसुद्धा ऐकते मी."
कधीपासून?
"चवथीच्या आधीपासून."
मग बोलली नाहीस ती?
"बोलले. तुम्ही सुईकडे बघत होता."

नटाच्या कडेला बुडबुडा आला,
फुगला, फुटला, परत आला.
टाकी रिकामी केली. तळाचा कॉक सोडला तर
तांबडं पाणी, वाटीभर,
खाण चालू असताना पावसात नदीला यायचं तसं.
आट्यांवर टेफ्लॉनचे पाच वेढे, पाना, अर्धा फेरा अजून.

पुन्हा भरली. एकशे पंधरा.
पाळणा ओला आहे, माशा हाकलत रुझार बसलाय.
कुंदा टाकीला कान लावते,
म्हणते, नाही येत आता आवाज.
मी मान हलवतो.
मला आधीही येत नव्हता.