कन्नडी

बेळगावच्या दुकानात आठ आरसे एकदम पेटले
आणि मी आठ ठिकाणी विस्कटलेला दिसलो.
गोल, चौकोनी, एक तर अंड्यासारखा.
पांढरा, पिवळा की मधला, दुकानदार विचारी,
नुसतं बोट टेकवून दाखवी: बघा, बटणच नाही.
चौकोनी घेतला. हत्तरगी, संकेश्वर,
निपाणीपर्यंत मांडीवर उभा धरून आणला;
कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट फाडलं.

रविवारी मल्लेश ड्रिल घेऊन आला.
टाइल तडकू नये म्हणून चिकटपट्टीची फुली मारली
नि विचारलं, यार एत्तर?
कुणाच्या उंचीवर?
मी सहा फूट. बायको म्हणाली, माझं काय, मी टाचा उचलीन.
थोरली आक्का दारात उभी होती, हात पुसत.
चाळीस वर्षं मांडीवर सूप.
पान कापायचं, जर्दा भरायचा, दोरा गुंडाळायचा,
त्यातच माझी फी, माझी पुस्तकं.
त्या बसण्यात तिची दोन इंच उंची
कुठंतरी राहून गेली.
मल्लेशनं तिलाच भिंतीला उभं केलं,
कपाळाशी पेन्सिलीची रेघ ओढली. साक, म्हणाला.

भोक पडलं आणि लाइट गेली.
तासभर चहा, गप्पा, आणि भिंतीवर
एक काळं, कोरं पान.

आली तसा मल्लेश ओरडला,
नोड्री आक्का, कन्नडी!
मी बोट टेकवलं, पेटला. पोरानं टेकवलं, विझला.
आक्कानं टेकवलं.
काही नाही.
पुन्हा. काही नाही.
रेशनच्या मशीनलाही तिचा अंगठा कळत नाही,
तिथं करंगळी चालते. इथं तीही चालेना.
मल्लेश म्हणाला, बोट ओलं करा.
तिनं केलं नाही. कडी वाजवावी तसं
बोटाच्या पेरानं ठोकलं, दोनदा,
जरा रागानंच.

पांढऱ्या उजेडात तिनं स्वतःला बघितलं नाही.
टाइलच्या सांध्यात राहिलेलं सिमेंट बघितलं,
आणि मल्लेशला ते खरवडायला लावलं.

आता दाढी करताना मी गुडघ्यात वाकतो.
बायको म्हणते, सरकवून घेऊ वर, दोन भोकांचा तर प्रश्न.
घेऊ, म्हणतो.

पहाटे चारला मोरीतून आवाज येतो,
टक टक.
मग बराच वेळ
नळ सोडल्याचा आवाज येत नाही.