वाफा नंबर सात

माझं काम पाट्या रंगवायचं.
पत्र्यावर आधी हिरवा हात, मग पांढऱ्यानं नाव,
मराठी वर, शास्त्रीय खाली तिरकं,
जागा उरली तर कुळ.
बहावा, अर्जुन, काटेसावर
यांच्या पाट्या दहा वर्षांत तीनदा केल्या.
झाडं जागची हलत नाहीत,
सोलापूरचं ऊन अक्षरं खातं.

हंगामी रोपांना पाटी नसते.
साहेब म्हणतात, रंग वाळेस्तोवर मरतात ती,
पत्रा कशाला वाया घालवायचा.

सात नंबरचा वाफा नरसूबाई यमूल यांचा.
आधी टॉवेलच्या कारखान्यात कांड्या भरायच्या.
माग भंगारात गेले, तशा इथं आल्या,
बरोबर पिशवीभर उरलेलं सूत.
अजूनही रोप काठीला बांधतात ते त्याच सुतानं,
डाव्या हातानं, न बघता, मागावरची गाठ,
ओढली तर सुटत नाही
आणि देठाला काचत नाही.

गणपती बोळवले की पिटुनियाचं बी.
इतकं बारीक की कुणी शिंकलं तर वर्ष गेलं.
वाळूत कालवून, पदर तोंडाला लावून पेरतात.
गड्ड्याच्या जत्रेला फुलं तयार पाहिजेत,
परगावची माणसं दुपारी इकडं वळतात,
फोटो काढतात, भडंगाचे कागद ठेवून जातात.
झेंडूला नरसूबाई म्हणतात बंती,
पंपावरचा मल्लिनाथ म्हणतो चेंडूहूवू,
मी झेंडू.
झेंडू तिघांनाही ओ देत नाही,
आपला फुगत राहतो.

शिमगा झाला की बोंडं खुडायची.
बी ठेवायला लग्नपत्रिकांची जुनी पाकिटं.
कपाट उघडलं की
चि. सौ. कां. अंबुजा हिच्या पोटात झिनिया,
आणि सहकुटुंब सहपरिवार
गोम्फ्रेना.

एप्रिलात गावालाच पाचव्या दिवशी पाणी.
बागेची बोअर करंगळीएवढी धार देते,
ती मोठ्या झाडांच्या आळ्यांना.
हंगामी उपटून खड्ड्यात.
उरतो फक्त ऑफिस टाइम,
नऊला उघडतो, दुपारी मिटतो,
मस्टरवर सही नाही, रजा नाही.

मे महिन्यात सात नंबर मोकळा.
नरसूबाईंनी खणला, ढेकळं फोडली,
पालापाचोळ्याचं खत घालून उन्हाला लावला.
"तापू दे. कीड मरते."
पण लोकांना तो जवळचा रस्ता वाटला.
चपलांचे ठसे, शेंगांची टरफलं,
एकदा तर आख्खी मोटरसायकल.

"एक पाटी द्या की वो."
काय लिहू? नाव नाही, कुळ नाही.
"नाव नाही म्हणूनच तर लोकं वरनं जालालेत."

दोन दिवस मला काही सुचलं नाही.
मग गुलमोहराच्या गंजलेल्या पाटीचा
एक बरा कोपरा कापला, आणि लिहिलं:
वाफा रिकामा नाही.
खाली शास्त्रीय नावाची ओळ असते,
तिथं हात थांबला.

नरसूबाईंना ही लिपी येत नाही,
घरच्या पंचांगातलं तेलुगू तेवढं अडखळत वाचतात.
पाटी उभी-आडवी धरून बघितली.
"खाली काय?"
खाली जागा ठेवलीय.
"बरं केलं," म्हणाल्या,
आणि सुतानं बांबूला बांधून टाकली.

संध्याकाळी एक गृहस्थ मुलाला घेऊन आले.
वाचलं, वळसा घालून गेले.
मुलगा मागं राहिला, उकिडवा बसला,
बराच वेळ मातीकडे बघत.
"मग आहे काय यात?"
नरसूबाईंचं खुरपं थांबलं नाही.
"गौरी बसायच्या वेळी ये की बे. तेरडा दाखवते."

पाटीचा रंग अजून ओला होता.
त्यानं बोट लावून बघितलंच,
आणि पांढरं झालेलं बोट
वाफ्याच्या कडेला पुसलं.
दुसऱ्या दिवशी झाडताना
नरसूबाईंनी तेवढी जागा सोडून झाडलं.