सातवा थेंब

ओस्त्रावात समुद्र नाही.
चौथ्या मजल्यावर आहे, दोनशे लिटर,
आणि खाणीतून निवृत्त मी
त्याचा रखवालदार.

रविवारी क्षारता मोजायची:
नळीत पाणी, वरून एकेक थेंब,
हिरव्याचं गुलाबी होईतो.
मला दोन्ही सारखेच, जन्मापासून.
"झालं," म्हणायची ल्युद्मिला,
भांड्यांतून मान वर करून.

आता खालची ब्लांका येते, नऊ वर्षांची,
बुटांचा बर्फ दाराशी झटकून.
पाच. सहा. सात.
"थांबा!"

गेल्या रविवारी आठ होते.
चमचाभर सोडा पाण्यात विरघळवून
रात्रभर ठिबकत ठेवायचा.
प्रवाळाला घाई सोसत नाही.

वहीत ल्युद्मिलाच्या आकड्यांखाली
ब्लांका सात लिहिते,
पोटात आडवी रेघ मारून,
अगदी तिच्यासारखा.
इथे सगळेच मारतात.
तरी.