पोच

इनारीत, सॉनाच्या छपरावरून, तौनोचा बीकन
दर दहा मिनिटांनी आपलं नाव सांगतो.
ताकद विजेरीतल्या बल्बहूनही कमी.

मंगळवारपासून पडद्यावरचा नकाशा कोरा.
तो शिडी चढला, तारेवरचा बर्फ झटकला,
एक डाग पुन्हा दिला, उगाच.
सगळं धड होतं.

शुक्रवारी गावाची वीज गेली, रात्रभर.
सकाळी पाहतो तर नकाशावर नोंद:
मध्यरात्री तस्मानियात ऐकू आला. खणखणीत.

महिन्याने टपालात कार्ड,
अझोरेसहून, पेन्सिलीने:
'बुधवार, पहाटे तीन चौदा. फार क्षीण.
आधी वाटलं, माझ्याच कानातलं.'

तौनोने ते दोनदा मोठ्यांदा वाचलं.
'म्हणजे बुधवारी होतास तू,'
आउने म्हणाली,
बटाटे सोलता सोलता.