मागच्या सीटवर आंबील

बिंदगं आत्याबाईंच्या मांडीवर.
तोंडाला दादरा, दादऱ्याला सुतळीच्या तीन गाठी,
आणि गाठींवर त्यांचा पंजा,
जणू आतलं कुणी उडी मारून पळेल.

"डिकीत ठेवू," मी म्हटलं होतं.
मी नाशिकची आहे हे पुन्हा एकदा आठवल्यासारखं
त्यांनी माझ्याकडे बघितलं.

येळवशीला लातूर कुलूप लावून शेतात जातं.
गंजगोलाईत एक कुत्रं आणि एक पोलीस,
दोघंही उन्हाला बसलेले.
गाडी मी चालवतेय, नवऱ्याकडे उंड्यांचा डबा,
मागे माझ्या दोघी, नणंदेचा विहंग
आणि बिंदग्याच्या आडून डोकावणाऱ्या आत्याबाई.

लामजन्याच्या फाट्यावर गतिरोधक दिसला नाही.
गाडी उडाली. दादरा भिजला.
ताकाचा, लसणाचा आंबूस वास
काचा लावलेल्या गाडीभर.
विहंगनं काही न बोलता आजीचा पट्टा सोडला,
बिंदग्याला गुंडाळला, खटकन लावला.
"आता पोलीस धरत न्हाई बघ त्येला."
आणि त्या हसल्या अशा
की आरशात मला त्यांचे उरलेले चारही दात दिसले.

थोरलीचं नाव कायरा. त्या म्हणतात केराबाई.
कोपीत वाकून केराबाईनं
चुना लावलेले पाच दगड मोजले,
सहाव्यापाशी थांबली.
"आजी, एवढ्याशा कोपीत हे पाच आणि ही एकटी?"
"थंडी लई असती, माय."

आंबील शिंपडत बांधानं फिरताना
जे ओरडायचं असतं, त्याचा अर्थ तिनं विचारला.
सासूला ठाऊक नव्हता, तिच्या सासूलाही नव्हता.
"तू वरड. ज्याला कळायचं त्याला कळतंय."
ज्वारीत तिघं ओरडत गेली
आणि पाखरांचा एक मोठा तुकडा हरभऱ्यावरून उठला.

मग भज्जी. मग भज्जीवर भज्जी.
रस्त्यानं जाणारा कुरिअरवाला पोरगा
त्यांनी हाताला धरून पंगतीत बसवला,
त्यानं सहा उंडे खाल्ले.
दिवसभर तेच कौतुक: सहा! आणि आपली लेकरं बघा,
उंडा कुरतडायलालेत उंदरावानी.

दुपारी सगळे चिंचेखाली आडवे.
मी डोळे मिटून जागी.
धाकटी शर्वी झोक्याजवळ आजीला ढकलत होती.
"हळू गं, हळू. पडते मी."
फांदी करकरली.
थोड्या वेळानं, माझ्याकडे एकदा बघून,
अगदी बारीक आवाजात:
"आजून."

नऊवारीचा काठ वर जात होता, खाली येत होता,
एक चप्पल तुरीत जाऊन पडली होती.

मामंजी होते तेव्हा हेंडगा त्यांचा.
तीन वर्षं झाली, नवरा लायटरनं पेटवतो
आणि चार पावलांत दमतो.
या वेळी विहंगनं मागितला.
मी म्हटलं, सावकाश. नणंद फोनवरून म्हणाली, सावकाश.
आत्याबाई बांधावर कमरेवर हात ठेवून:
"पळ रे! पळ! इझंल!"

अंधारात फक्त जाळ पळत होता,
मागून दोन फ्रॉक.
तो वळणावर दिसेनासा झाला तेव्हा
त्या एक नाव पुटपुटल्या.
विहंगचं नव्हतं ते.
जाळ परत दिसला. त्यांनी पदरानं नाक पुसलं,
धूर लई झालाय म्हणाल्या.

परतताना रिकामं बिंदगं डिकीत,
उंड्यांच्या डब्याला आपटत.
कायरा आणि विहंग खिडकीपायी भांडून झोपलेले.
शर्वी आजीच्या मांडीवर,
गालाला काजळी, केसांत कडब्याची काडी.
तिच्या डोक्यावर तोच पंजा.

लामजन्याच्या फाट्याआधीच मी दुसरा गिअर टाकला.
आरशात बघितलं. वाटलं, त्याही झोपल्यात.

"हळू घे," डोळे न उघडता म्हणाल्या,
"सांडंल."