एक लांब, दोन आखूड

काल संध्याकाळी नवी रॅम लावली,
सीताबर्डीहून आणलेली, बिलासकट,
तेव्हापासून डब्याचं तोंड बंद.

बंद म्हणजे कसं: पंखा फिरतो,
हिरवा दिवा लागतो,
मग एक लांब टूऽऽ, दोन आखूड,
आणि स्क्रीन काळी ती काळीच.
दहा सेकंदांनी आपोआप विझतो,
आपोआप पेटतो,
पुन्हा टूऽऽ.

हा डबा मी जोडलाय.
मदरबोर्ड ब्रम्हपुरीच्या बंद पडलेल्या कॅफेतला,
कॅबिनेट ग्रामपंचायतीच्या भंगारातलं,
हार्डडिस्क दोनदा पडूनही चालणारी.
तिच्यात सत्तावीस नाटकं आहेत
आणि अठ्ठाविसाव्याचे दोन अंक.

वडशावरून यादोरावांचा फोन.
"सुले, निघाली का प्रिंट?"
"मशीन बसली जी."
"बसली तं उठव नं तिले. परवा शंकरपूरच्या मंडईत प्रयोग हाये,
नट काय माही तोंडं पायतीन का?"

प्रशिक आयटीआयच्या होस्टेलातून सांगत गेला,
मी मोबाइल खांद्यात दाबून करत गेले.
रॅमची पट्टी काढ. खोडरबरनं घास.
(खोडरबर भाच्याचं, स्ट्रॉबेरीच्या वासाचं.)
सोनेरी दात चमकले. लावली. टक्क आवाज आला.
टूऽऽ.
बोर्डावरचा सेल काढ, म्हणे,
पाच मिनिटं थांब,
त्याला सगळं विसरू दे.

पाच मिनिटं मोठी असतात.
तिकडे राइस मिल सुरू झाली,
ट्यूबलाइट दबकली, परत उजळली.
नखाएवढा, थंड सेल
माझ्या तळहातावर.

बापू खाटेवर खर्रा घोटत होते.
तीस वर्षं विंगेत बसून प्रॉम्प्टिंग केलेला माणूस,
कॉम्प्युटरकडे ते
नवख्या नटाकडे बघावं तसं बघतात.
"अडला का?"
"अडला."
"उजेड पडला, मेकप हाये, उभा हाये, पन शब्द नाई?"
"हो बापू, तसंच."
"मंग दोघंजन कायले सांगून रायले त्याले?
नट अडला का एकानंच सांगाव. तेबी एकच शब्द.
बाकीचा त्याच्या पोटात रायते.
दोघं बोलले का तो आपलं नावबी विसरते."

मी आत वाकून पाहिलं.
जुनी पट्टी, शेजारी नवी.
एकीचा वेग तेराशे तेहतीस, दुसरीचा सोळाशे.

नवी काढली.
टूऽऽ.
जुनी काढून नवी लावली.
टूऽऽ, आणि राग आल्यासारखा लगेच बंद.
बापूंचं तत्त्वज्ञान चुकलं म्हणून मला थोडं बरंही वाटलं,
खोटं कशाला बोलू.

रात्री साडेअकराला,
हाताला स्क्रू-ड्रायव्हरचे वळ,
मी डबा जमिनीवर आडवा पाडला,
उघडाच,
आणि जुनी पट्टी दुसऱ्या खाचेत बसवली.
का, ते विचारू नका. पहिली खाच बघून बघून कंटाळा आला होता.

आखूड, एकच, टुक्.
स्क्रीनवर पांढरी अक्षरं.
तारीख: एक जानेवारी दोन हजार दहा, शुक्रवार.

दुसरा अंक उघडला.
बापू खाटेवरूनच डोळे बारीक करून वाचायला लागले,
पान संपलं,
मी माउस हलवायच्या आधीच
त्यांनी पुढचं वाक्य हळूच सांगितलं,
विंगेतल्या आवाजात.
हे नाटक त्यांनी कधी वाचलेलंच नव्हतं.
"असंच असते," म्हणाले, "भाऊ मरते, बहीन हेच म्हनते."

नवी रॅम बिलात गुंडाळून कपाटात आहे.
डबा आडवाच आहे, झाकण भिंतीला टेकलेलं,
त्यावर मांजर येऊ नये म्हणून पितळी परात.
पोस्टर अजून तसंच रखडत उघडतं,
हिरॉइनचा आधी केसांचा फुगा, बऱ्याच वेळानं हनुवटी.

प्रिंट पोचल्यावर यादोरावांचा पुन्हा फोन.
"सुले, पानापानाच्या खाली तारीख काय टाकली तू?
तालीम सुरू व्हाच्या आधीच
नाटक इतक्या वर्साचं मातारं झालं?"

तारीख बदलायला एक मिनिट लागतं.
अजून बदललेली नाही.
डब्याला हात लावायची हिंमत होत नाही.