चौथं बूड

पहिली काहील बिडाची.
बीड स्वस्त, बीड रोजचं. उद्यमबागेत आम्ही बिडाचंच खातो:
पंपांच्या बॉड्या, पुल्या, गटारांची झाकणं.
मलप्रभा गुरव जांबोटीहून पहिल्या बसनं आली
आणि काही न बोलता टेबलावर डबा उघडला.
करवंदांचा मुरंबा, शाईसारखा.
"लिहायला घ्या," म्हणाली, "खायचं राहू दे."

बीड आंबटाशी भांडतं
हे मला ठाऊक असायला हवं होतं.
चाळीस वर्षं सागवानात पॅटर्न कोरतोय,
पण ज्यात काही शिजतं असं
कधी कोरलं नव्हतं.

दुसरीबद्दल मी बोलत नाही.
बसलिंग अजून बोलतो, पगाराच्या दिवशी, सगळ्यांसमोर.

तिसरी काशाची, आतून कल्हई.
कासं बिडाहून जास्त आकसतं, म्हणून भिंतीवरची दुसरी पट्टी काढली.
आमच्यात धातूगणिक पट्टी वेगळी,
तिच्यावरचा फूट फुटाहून किंचित मोठा.
निवताना धातू जेवढं चोरणार
तेवढं आधीच देऊन ठेवलेलं.
नातू म्हणतो, आजोबांची खोटी पट्टी.
खोटी नव्हे गा,
ही निवल्यानंतरचं मोजते.

बूड सपाट ठेवलं, चुलीवर डुगडुगू नये म्हणून.
कड काटकोनात,
कारण काटकोन मला येतो.

पुढच्या मे महिन्यात पुन्हा डबा.
या खेपेला रंग बरोबर, उजेडात धरून बघावा असा,
आणि मधे मधे काळे कण.
कोपऱ्यात पाक अडकला, चाटू पोचला नाही,
जळका वास अख्ख्या घाण्याला.
"बोटभर कोपरा," ती म्हणाली, "आणि चौदा किलो साखर."
सात जणींचा गट. वहीत प्रत्येकीच्या नावापुढे
दोन-दोन किलो मांडलेली.
आठव्या ओळीत माझं नाव,
पुढे काहीच नाही.

मी म्हटलं, चाटू बदलून बघा.
"चाटू सासूचा आहे," ती म्हणाली. "काहील तुमची आहे."
आणि पिशवीतून काढून तो माझ्या बाकावर ठेवला.

फणसाचं लाकूड. टोकाला एकाच अंगानं झिजलेला,
किती उन्हाळे, कुणी मोजले नाहीत.
माझ्याकडे गोलाई मोजायची पत्र्याची मापं आहेत, खोकंभर.
एकेक लावून पाहिलं. एकही बसेना.
मधे जवळजवळ सपाट, कडेला येताना एकदम वळणारा,
असा वाक कुठल्याच कंपासातून निघत नाही.
तो मनगटातून निघतो.

मग मापं खोक्यात टाकली.
पॅटर्नच्या कोपऱ्यात मेण भरलं
आणि त्याच चाटूनं ओढलं,
ती जशी पाक ओढते तसं. तीच सांगत होती,
"जरा दाबून. आता सोडा. आता वर."
काठाला चोच काढली, पातळ,
थेंब तिथंच तुटावा म्हणून.
कान थोडे खाली घेतले,
ओतताना वजनानंच तोल द्यावा,
तिच्या कमरेनं नाही.

ओतायच्या दिवशी बसलिंगनं काळी वाळू दोनदा चाळली.
आम्ही शिव्या मराठीत देतो, आकडे कन्नडात मोजतो,
पण धातू ओतताना तो एकटाच बोलतो:
निधान, निधान...
आणि राईजरमध्ये लाल डोळा वर आला तसं,
साकु.

जाताना कंडक्टरनं काहिलीचं अर्धं तिकीट फाडलं.
चाटू तिनं मांडीवर धरला होता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात डबा आला, बसच्या ड्रायव्हरकडून.
खिडकीशी नेऊन पाहिला.
एकही काळा कण नाही.
झाकणाखाली चिठ्ठी, वहीच्या कागदाची:
बूड झ्याक. कान तापतात.

मी बोटं चाटली,
हात धुतले,
आणि पेन्सिलीला टोक केलं.